नाल्यापलीकडची झाडं

पूल बांधून झाला. सिमेंट संपलं, लोखंड संपलं, किस्से तेवढे उरले. सकाळी फिरायला जाणारी आमची मंडळी बाकावर टेकली की एक जण सुरू करतो, दुसरा त्यात भर घालतो. मी चौथी शिकलो, उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, जन्मभर पोती उचलली. मला वाढवून सांगता येत नाही. झालं तेवढं सांगतो.

*

गावाबाहेरच्या उद्यानात निसर्गवाट आहे. मध्ये नाला. पलीकडची झाडं विमलबाईंनी लावलेली. बाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, रोज कळशीनं पाणी घालायच्या. एक दिवस नाल्यात पाय घसरला, मनगट मोडलं. उद्यानाच्या साहेबांनी काय करावं? दुसऱ्याच दिवशी काठावर लोखंडी पाटी ठोकली. पुढे जाण्यास मनाई!

बाई प्लास्टर गळ्यात अडकवून ऑफिसात गेल्या, मागोमाग आम्ही फिरायला जाणारे. "हात माझा मोडला साहेब. शिक्षा झाडांना का?"

साहेब म्हणाले, पूल असता तर वाट उघडी ठेवली असती, पण पुलाची मंजुरी नाही. आम्ही बांधतो म्हणालो. ते हसले. बांधा, पण हलला तर त्याच दिवशी काढायला लावीन आणि कुंपण घालून वाट कायमची बंद करीन.

उन्हाळा तोंडावर होता. कुंपण बसलं की झाडं गेली, हे सगळ्यांना कळत होतं. तोवर पाटीकडं पाठ करून आम्ही पाणी घालत राहिलो.

*

सिमेंट आणायला आमच्यातल्या शिवलिंगअप्पांना धाडलं. चूक आमची. अप्पा धान्याचे आडतवाले. पोतं दिसलं की त्यांच्या हातात परखी येते, म्हणजे पोत्यात खुपसून दाणे काढून बघायची लोखंडी नळी. अप्पांनी ती सिमेंटच्या प्रत्येक पोत्यात खुपसली, तळहातावर घेऊन फुंकर मारली आणि माल चांगला आहे म्हणाले.

टेम्पोत सगळी पोती गळत होती आणि अप्पा त्यांच्यावरच बसून आले. उतरल्यावर नाल्यात धोतर भिजलं. दुपारपर्यंत उन्हात वाळलं ते पत्र्यासारखं.

आमचा वेल्डर रसूलभाई म्हणाला, "अप्पा, धोतर इथंच ठेवून जावा. खांबाला कामी येईल."

अप्पा त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. पण सिमेंट पुन्हा त्यांनीच आणलं, परखी घरी ठेवून.

*

रुंदीवरून माझं आणि रसूलभाईचं भांडण झालं. त्याच्या मते एक माणूस गेला की बास. मी म्हणालो, पाठीवर पोतं घेतलेला माणूस सरळ गेला पाहिजे, आडवा न्हाई.

"बागेत पोतं कोण नेऊन राहिलं, दादा?"

"मी."

पूल रुंद झाला. त्यात पायाखालचा एक पत्रा कमी पडला. रसूलभाई माझ्याकडं बघत बसला. विमलबाई म्हणाल्या, त्याचं मी बघते, तुम्ही फक्त जोडून द्या.

*

साहेब बघायला आले. पुलावर भार टाकल्याशिवाय मानणार नाही म्हणाले. मला ठाऊक होतं. मोंढ्यातली माझी जुनी टोळी मी बोलावूनच ठेवली होती. भरलेली पोती पाठीवर घेऊन आम्ही रांगेनं पुलावर चढलो. पुढं मी. मध्यावर थांबलो. साहेबांनी खाली वाकून बघितलं. पूल हलला नाही.

"पोत्यात काय आहे?"

"शेणखत. पलीकडच्या झाडांना."

मग साहेब स्वतः चढले. मध्यावर येऊन पाय आपटला. पुन्हा आपटला. ठीक आहे, वाट उघडी राहू द्या म्हणाले. जाता जाता पुलाच्या टोकाशी थांबले. काठाकडं बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"इथं आमची पाटी होती. सरकारी वस्तू आहे ती. कुठं गेली?"

अप्पा आभाळाकडं बघू लागले, रसूलभाई झाडांकडं. विमलबाई पुढं झाल्या. प्लास्टर निघालेल्या हातानं पदर खोचला.

"कुठं जाईल साहेब? तुम्ही तिच्यावरच उभे आहात."