दाखला उद्या मिळेल

शाळेच्या ऑफिसात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो त्या दिवशी शिपाईमामांनी मला दोन गोष्टी बजावल्या. पंख्याखालच्या खुर्चीवर बसायचं नाही आणि बाईंना घाई करायची नाही. पंखा पडायच्या बेतात होता, ते लगेच दिसलं. बाईंचं कारण कळायला मात्र मला तीन आठवडे लागले.

मी ह्याच शाळेत शिकलो, त्यामुळे वरिष्ठ लिपिक असलेल्या ह्या बाई मला नव्या नव्हत्या. सत्तावीस वर्षं त्या त्याच कोपऱ्यात, त्याच लोखंडी कपाटाला पाठ लावून बसत होत्या. मुलांनी त्यांचं नाव ‘उद्याबाई’ ठेवलं होतं, आणि ठेवणाऱ्यांत मीही होतो हे आता कबूल करायला हरकत नाही. शाळा सोडल्याचा दाखला मागायला कोणी आलं की बाई चष्मा कपाळावर चढवायच्या, खिडकीतून त्या माणसाला नीट न्याहाळायच्या आणि म्हणायच्या, “उद्या या.” दुसऱ्या दिवशी रजिस्टर बांधणीला गेलेलं असायचं. तिसऱ्या दिवशी शिक्का मोठ्या सरांच्या कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली शिपाईमामांच्या घरी राहिलेल्या सदऱ्यात. चौथ्या दिवशी दाखला लिहून तयार, पण जन्मतारखेवर शाई सांडलेली. दाखल्यावर खाडाखोड चालत नाही, म्हणजे नवा कागद आला. आणि नवे कागद नेमके संपलेले.

माझ्याकडे टंकलेखनाचं प्रमाणपत्र होतं, संगणकाचं होतं, आणि बावीस वर्षांच्या माणसाकडे असते तेवढी अक्कल होती. हा सगळा आळशीपणा आहे असा निकाल मी पहिल्याच आठवड्यात देऊन टाकला.

दहावीच्या परीक्षेला पाच आठवडे उरले असताना एक रंगारी खिडकीवर आला. शिडीवरून पडून त्याचा उजवा हात मोडला होता. कोपरापर्यंत प्लास्टर, हात गळ्यात. मुलगी दहावीत. तिच्यासाठी त्याने मोठ्या रस्त्यावरच्या कापडाच्या दुकानात काम बघून ठेवलं होतं, पण दुकानदाराला वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला हवा होता. तोही महिनाअखेरच्या आत, नाहीतर तो दुसरं कुणीतरी बघणार होता.

“पोरगी हुशार आहे बाई, नाही म्हणत नाही,” रंगारी म्हणाला. “पण तिच्या पाठीवर दोन धाकटी आहेत.”

“उद्या या,” बाई म्हणाल्या.

त्याने पाच हेलपाटे घातले. पाचव्या वेळी तो बाहेरच्या बाकावर बसून डाव्या हाताने घाम पुसत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, “काका, असे जोडे झिजवून काय होणार? मोठ्या सरांकडे लेखी तक्रार करा.” त्याने गळ्यातल्या हाताकडे बोट दाखवलं. मग मीच लिहून दिली. शुद्धलेखन माझं, डाव्या हाताची सही त्याची.

आमचे मोठे सर मुळात गरीब स्वभावाचे. माणसांना भीत नाहीत, कागदांना भितात. त्यांनी बाईंना बोलावलं.

“बाई, सत्तावीस वर्षं मी तुम्हाला एका शब्दाने बोललो नाही.”

“तुम्हाला इथे येऊन सहाच झाली, सर.”

“तेच म्हणतो मी. आता यापुढे दाखले संगणकावर. ज्या दिवशी मागतील त्याच दिवशी.”

ऑफिसातला संगणक दोन वर्षांपासून झबलं घातलेल्या बाळासारखा कोपऱ्यात बसून होता. आठवडाभरात जुनी रजिस्टरं त्यात चढवायची आणि सोमवारी रंगाऱ्याचा पहिला दाखला छापून द्यायचा, हे काम माझ्याकडे आलं. मी खुशीत होतो. बाईंनी कपाट उघडलं. रजिस्टरं काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि वरची धूळ तेवढी पदराने पुसली.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की काही नावांच्या शेजारी समासात पेन्सिलीचे ठिपके आहेत. कुठे दोन, कुठे पाच, एका नावापुढे तर अकरा. काही ठिपक्यांपुढे बरोबरची खूण. बाई चहाचे कप मोजत असतील अशी माझी समजूत झाली. मग माझंच नाव आलं. सात ठिपके, बरोबरची खूण आणि बारीक अक्षरात एकच शब्द: ‘गॅरेज’.

घरी गेल्यावर मी वडिलांना विचारलं, “मी शाळेत असताना तुम्ही माझा दाखला काढायला गेला होतात?”

ते वर्तमानपत्राआडून म्हणाले, “नववीत होतास. तुझ्या मावसभावाच्या गॅरेजात जागा होती.”

“सात वेळा?”

“आठ. एकदा बाई जेवायला गेल्या होत्या.” पान उलटल्याचा आवाज झाला. “नंतर त्या गॅरेजात दुसरा पोरगा लागला. तुझं नशीबच फुटकं, म्हटलं, शिक आता.”

दुसऱ्या दिवशी मी बाईंसमोर रजिस्टर उघडलं आणि माझ्या नावावर बोट ठेवलं.

“उशिरा का होईना, सापडलं,” त्या म्हणाल्या. “एका हेलपाट्याला एक ठिपका. खूण म्हणजे परीक्षेला बसला.”

“सगळ्यांपुढे खूण नाहीये.”

“निम्म्यांपुढेही नाही. काही जण दाखल्यावाचूनच जातात.”

“आणि ज्यांना खरंच दुसऱ्या शाळेत जायचं असतं त्यांचं काय?”

“त्यांना उभ्या उभ्या देते. त्यांची आरडाओरड होत नाही, म्हणून तुम्हा लोकांना दिसत नाही.”

मी विचारलं, “मग सरळ सांगायचं ना, की मुलांना शिकू द्या?”

“पहिली दोन वर्षं सांगून पाहिलं. सांगितलं की माणूस चिडतो, आणि चिडलेला माणूस दुसऱ्या दिवशी चार वजनदार माणसं घेऊन येतो. ‘उद्या या’ म्हटलं की नुसता वैतागतो. वैतागलेला माणूस घरी जाऊन झोपतो. दहा दिवस गेले की कुणाचा राग उतरतो, कुणाची अडचण सरते.” चष्मा पुसता पुसता त्या पुढे म्हणाल्या, “सुरुवातीला मी तुझ्यासारखीच चपळ होते. एका सकाळी चार दाखले दिले, साहेबांनी कौतुक केलं. त्यातली एक पोर चार वर्षांनी दवाखान्याच्या रांगेत भेटली. केसपेपर पुढे करून म्हणाली, बाई, एवढं वाचून सांगता? आठवी पास झालेली पोर. अक्षरं येत होती, पण वाचायचा धीर गेला होता.”

मग संगणकाकडे हनुवटी करून म्हणाल्या, “आता तुझ्या त्या डब्यात ‘उद्या’ कुठे असतं ते शोध.”

मी खरोखरच शोधलं. नव्हतं. बटण दाबल्यापासून दोन मिनिटांत कागद बाहेर.

“वायर काढून ठेवू?” मी विचारलं.

“सर परत जोडतील. राहू दे. थापा इतकी वर्षं पुरल्या हेच पुष्कळ झालं.”

सोमवारी रंगारी मुलीला घेऊन आला. बाईंनीच शिपाईमामांकडून निरोप धाडला होता, मुलीलाही आणा म्हणून. ती वर्गातून तशीच उठून आली होती, गणवेशात, बोटाला शाई. मोठे सर ‘त्याच दिवशी’ म्हणजे काय ते बघायला दारात उभे राहिले. मी खुर्चीवर बसणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, “तू ऊठ. हिला येतं. काय गं, येतं ना टाईप करायला?”

“येतं. आठवीत शिकवलंय.”

मुलगी बसली. नाव भरलं, जन्मतारीख भरली. मग थांबली. “इथे कारण विचारलंय. रिकामं ठेवलं तर पुढे जात नाही.”

“पालकांची विनंती,” मी सवयीने बोलून गेलो. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने पंख्याखालच्या खुर्चीवर जाऊन बसलो.

“विनंती कशासाठी, ते कारण,” बाई म्हणाल्या. “दादा, तुम्ही सांगा. ती लिहील.”

“घरची अडचण.”

“कुठली? हा कागद पोरीजवळ जन्मभर राहणार. जिथे जाईल तिथे आधी हाच दाखवावा लागणार. नीट असू दे.”

रंगारी जरा घुटमळला. “माझा हात मोडला, असं लिही.”

मुलीने टाईप केलं आणि वाचून दाखवलं, “वडिलांचा उजवा हात मोडल्यामुळे.” उजवा हा शब्द तिने पदरचा घातला होता.

“प्लास्टर कधी निघतंय?” बाईंनी विचारलं.

“अजून महिनाभर, म्हणाले डॉक्टर.”

“म्हणजे हात महिन्याभरात जुळणार. दाखल्याचं तसं नाही, दादा. एकदा दिला की दिला.”

“महिनाभर खायचं काय, तेही सांगा ना मग!” रंगाऱ्याचा आवाज चढला आणि लगेच बसला. मोठे सर स्वतःचे बूट बघत राहिले.

बाईंनी विचारलं, “दुकानात काम काय आहे?”

“गिऱ्हाइकाला कपडे दाखवायचे. बाईमाणूस पाहिजे म्हणाला.”

“मग हिची आई?”

“आई तयार आहे,” मुलगी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “बाबाच नको म्हणतात.”

“तू गप लिही.”

“काय लिहू?”

रंगारी बाईंकडे वळला. “अहो, लोक काय म्हणतील? हात मोडून घरी बसला आणि बायकोला कामाला लावलं म्हणतील.”

“आणि पोरीला लावल्यावर?”

“पोरीचं काय, पोरीचं कोण विचारतं!”

वाक्य बोलून झाल्यावर ते त्याला स्वतःलाच पहिल्यांदा ऐकू आलं असावं. मुलीची बोटं बटणांवरच होती. तिने मान वळवून विचारलं, “बाबा, हे पण लिहू का?”

तिने टोमणा मारला नव्हता. कारणाच्या चौकोनात जागा उरली होती, म्हणून तिने विचारलं होतं. रंगारी पडद्याजवळ गेला, वाकून स्वतःच्या मोडक्या हाताची ओळ त्याने अक्षर अक्षर लावत वाचली. दोनदा वाचली.

“पूस ते,” तो म्हणाला.

“सगळं?”

“नावसुद्धा पूस. जा, तास बुडतोय तुझा.”

तिने एका बटणावर बोट दाबून धरलं आणि अक्षरं शेवटाकडून एक एक करत निघून गेली. मग उठली आणि बाहेर पडली. जिन्यावर तिच्या पळण्याचा आवाज आला.

“दुकानदार हिच्या आईच्या वयाचाही पुरावा मागेल का हो?” रंगाऱ्याने विचारलं.

“तिच्याकडे बघून त्याला कळेल की सोळाच्या वरची आहे,” बाई म्हणाल्या, आणि रंगारी त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

काम संपलं होतं, पण तो लगेच निघाला नाही. खिडकीशेजारच्या भिंतीकडे टक लावून बघत होता. “हा रंग कोणी मारला हो?”

मोठे सर खाकरले. “सुट्टीत मुलांकडून करून घेतला. का?”

“भिंत खरवडून न घेता मारलाय. पापुद्रे निघणारच. आधी खालचं सगळं काढावं लागेल.”

“हात सुटून जरा ताकद आली की या,” बाई म्हणाल्या. “तोवर परीक्षाही संपलेली असेल.”

तो ‘येतो’ म्हणाला खरा, पण डाव्या हाताच्या नखाने त्याने पहिला पापुद्रा तेव्हाच काढायला घेतला होता.