मामांसमोर आलेलं हसू

टीव्हीवर विनोदी प्रसंग चालू असताना एखाद्या नटाला मध्येच हसू फुटतं ना, ते बघायला मला त्या प्रसंगापेक्षा जास्त आवडतं. लिहिलेला विनोद कधी बरा असतो, कधी नसतोही. पण समोरच्यानं भलतंच काहीतरी बोलल्यावर ओठ दाबून उभा राहिलेला माणूस अगदी खरा असतो. त्याला हसायची परवानगी नाही आणि पोट तर ऐकत नाही. मी स्वतः नऊ वर्षं ह्याच हालतीत काढली, म्हणून मला त्याचं दुःख कळतं.

मी चकलांब्याची, लग्न होऊन युसूफ वडगावात आले. सासरे दोनदा सरपंच झालेले, गावात त्यांचा शब्द चालायचा. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात आणि सासूला आत्या. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आत्यांनी मला घराचे नियम सांगितले. डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही, मामांशी थेट बोलायचं नाही आणि मामांसमोर हसायचं नाही. "हसती बाई आन रडता बाप्या, दोघांचाबी भरोसा धरू न्हाई," असंही त्या वर म्हणाल्या.

थेट बोलायचं नाही म्हणजे कसं, तर मामांना पाणी हवं असलं की ते आत्यांना सांगायचे, "पाणी आण म्हणावं." मी तीन पावलांवर उभी असायची, मला स्वच्छ ऐकू आलेलं असायचं. तरी आत्या माझ्याकडं वळून म्हणायच्या, "पाणी आण, म्हणतेत." मी आत्यांना म्हणायची, "माठातलं का फ्रिजमधलं, विचारा." आत्या तिकडं वळायच्या, "माठातलं का फिरीजमधलं, म्हणती." पाणी हातात पडेपर्यंत माणसाची तहान मरून जायची. आत्या माहेरी गेल्या की मामा भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगायचे आणि मीही कॅलेंडरलाच उत्तर द्यायची.

रोज संध्याकाळी सातला एका वाहिनीवर जुने विनोदी कार्यक्रम परत दाखवायचे. मामा खुर्चीत, आत्या खाली, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात पीठ मळत. नटाला हसू आलं की मामा मख्ख चेहऱ्यानं म्हणायचे, "पाठांतर न्हाई यांचं. काढून टाकाया पायजेत." पण कार्यक्रम मात्र एकही चुकवायचे नाहीत.

मी त्या नटांच्या सगळ्या लबाड्या ओळखायला शिकले होते. एक जण पाठ फिरवून खोट्या खिडकीतून बाहेर बघायचा आणि त्याचे खांदे हलायचे. एकाला नेमका तेव्हाच खोकला यायचा. एक बाई रडल्यासारखं करून रुमाल डोळ्यांना लावायची. सगळ्यात कच्चा गडी म्हणजे हातातल्या वस्तूमागं तोंड लपवणारा. ताट असो नाहीतर फाईल, ती थरथरायला लागली की समजायचं, हा गेला. मी पदराचा बोळा तोंडात कोंबायची. तव्यावरची भाकरी करपायची, आणि आत्या विचारायच्या, "ध्यान कुटं हाय गं?"

मागच्या दिवाळीनंतर मला केजच्या एका शाळेतून निरोप आला. मायबाप ऊसतोडीला गेले की लेकरं मागं राहतात, त्यांना शिकवायला बाई हवी होती. माझं डी.एड. लग्नाआधीच झालेलं, प्रमाणपत्र कपाटात साड्यांखाली पडून होतं. पुढच्याच्या पुढच्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार होती. आमच्या घरातली सून कामासाठी कधी उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. मला मात्र ती नोकरी इतकी हवी होती की घास उतरत नव्हता.

नवरा वडलांना दादा म्हणतो. तो म्हणाला, "मी इचारतो दादाला." आठ दिवस तो रोज मामांसमोर जायचा, कापसाचं बोलायचा आणि परत यायचा. शेवटी शनिवारी संध्याकाळी आत्यांनीच विषय काढला.

मामांनी टीव्हीचा आवाज बंद केला. चित्रं तशीच हलत होती. मामा तंटा सोडवायला बसल्यासारखे ताठ बसले, पेपर मांडीवर. आत्या मध्ये, मी दारात, आणि नवरा कोपऱ्यात मोबाईलच्या चार्जरची वायर गुंडाळत होता.

"सैपाकाचं कसं म्हणावं," मामा म्हणाले.

"सैपाकाचं कसं, म्हणतेत."

"पहाटे उठून करून जाईन म्हणावं."

"पहाटं उठून करून जाईन, म्हणती."

"जायचं कशानं म्हणावं."

"कशानं जायचं, म्हणतेत."

"एसटीनं."

"यष्टीनं, म्हणती."

असं बराच वेळ चाललं. आत्यांची मान आधीच धरलेली, त्यात दर वाक्याला एकदा इकडं आणि एकदा तिकडं. मी मनात म्हणत होते, मामा एकदा माझ्याशी सरळ बोलायला लागले तर मीच फिट येऊन पडेन. तेवढ्यात मामांनी शेवटच्या अटी घातल्या.

"साडेपाचच्या आत घरात पायजे म्हणावं. आन डोक्यावरचा पदर पडू द्यायचा न्हाई."

आत्या दमल्या होत्या. त्यांची मान वळलीच नाही. त्या मामांकडंच बघून, मला दरडावतात त्याच आवाजात म्हणाल्या, "साडेपाचच्या आत घरात पायजे. आन डोक्यावरचा पदर पडू द्यायचा न्हाई."

"न्हाई पडू देणार," मामा म्हणाले.

नवऱ्याचे हात थांबले. मामांनी सावकाश पेपर उचलला आणि तोंडासमोर धरला. मी स्वतःला बजावलं, बघू नको, काही झालं तरी तिकडं बघू नको. आणि बघितलं. पेपर थरथरत होता.

मी त्या शाळेचा विचार केला, सोमवारचा केला, मेलेल्या माणसांचासुद्धा केला. पदराचा बोळा तोंडात घातला तो पुरला नाही. मी मोठ्यानं हसले. हसत हसत दारातच खाली बसले, पदर डोक्यावरून घसरला तरी हसतच राहिले. आत्या तोंडाला हात लावून बघत होत्या.

हसू ओसरलं तेव्हा मी पदर परत डोक्यावर ओढला. नऊ वर्षं सांभाळलं आणि ज्या दिवशी सांभाळायचं त्याच दिवशी घालवलं. आता नोकरी विसर, मी स्वतःला म्हणाले. स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

पेपरमागून आवाज आला, "सोमवारी कितीची गाडी हाय?"

पुढं "म्हणावं" नव्हतं. मी आत्यांकडं पाहिलं, तर त्या मामांकडं बघत बसलेल्या.

"साडेआठची, मामा," मी म्हणाले.

आत्या एकदम भानावर आल्या. "साडेआठची, म्हणती."

मामांनी पेपर खाली घेतला, उपरण्यानं डोळे पुसले.

"ऐकू आलं मला," ते म्हणाले.

माझा आवाज त्यांना ऐकू येतो, हे त्यांनी नऊ वर्षांत पहिल्यांदाच कबूल केलं होतं. मग मात्र मला रडू आवरलं नाही.