केरसुणीताईंचा पहिला कोड

पडदा वर जातो तेव्हा दिसते तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. सहा टेबलं, सहा स्क्रीन, कुरकुरणारा पंखा, आणि मधोमध, पायांत मऊ सपाता घालून, कंबर कसून बसलेल्या ताई. वय चोपन्न. ऑफिसात सगळे त्यांना केरसुणीताई म्हणत, आणि तेही तोंडावर.

वाचनालयांसाठीचा एक मोठा प्रोग्रॅम त्यांची कंपनी तेवीस वर्षं वाढवत आली होती. त्यात कुणाच्याच उपयोगाचा नसलेला कोड इतका साचला होता, की नव्या माणसाला वाट सापडत नसे. तो शोधून काढून टाकणं हे ताईंचं काम. संशयित तुकड्यावर त्या वर्षभर पहारा बसवत. प्रोग्रॅममधल्या कुणी त्याला हाक मारली, म्हणजे कामाला लावलं, की नोंद होई. एकही हाक आली नाही, की गच्छंती! मालकांचा कोडही त्यातून सुटला नव्हता.

घरी मात्र सगळा उलटा प्रयोग. "कुलपं कधीच गेली, किल्ल्या अजून अकरा आहेत," असं नवरा पाहुण्यांना सांगे, आणि ताई "राहू दे, लागतील" म्हणत ड्रॉवर लावून घेत.

त्या मंगळवारी शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला खुर्ची ओढत आला. मागच्याच आठवड्यात ताईंनी त्याच्या चारशे ओळी उडवल्या होत्या. जखम ताजी होती.

"ताई, सभासदाचं लांबलचक नाव कार्डावर वीस अक्षरांत बसवणारा हा तुकडा. ओळखीचा वाटतो?"

"माझाच तो. इथला माझा पहिला. चांगला चालू आहे, नोंदी बघ. रोज हाक येते."

"येते ना! रोज सकाळी आठला. पण मारतं कोण, ते बघितलंत?"

ताईंनी बघितलं. हाक मारत होती, तुकडा बरोबर चालतो का ते तपासायला त्यांनीच लिहिलेली चाचणी. ती रोज विचारी, नाव नीट कापतोस ना? तुकडा म्हणे, कापतो. दोघांचं छान चाललं होतं. कार्डं छापणारा प्रिंटर भंगारात जाऊन मात्र सहा वर्षं झाली होती. आणि चाचणीची हाक धरायची नाही, हा नियम खुद्द ताईंचा!

"टाळ्या वाजवायला घरचाच माणूस बसवलात की," दाढीवाला म्हणाला. खोलीभर हशा पिकला.

ताईंचे कान लाल झाले. हा तुकडा ठेवला, तर उद्या दुसऱ्याच्या कोडला हात लावायला तोंड राहणार नव्हतं. काढला, तर लेक पोटात असताना तीन दिवस डोकं खपवून लिहिलेलं इथे काही उरणार नव्हतं.

"जुन्या आवृत्तीत राहतोच की, ताई. हवा तेव्हा बघा," कुणीतरी समजूत घातली. हे वाक्य ताईंनीच आजवर सगळ्यांना ऐकवलं होतं. त्याने काडीचंही बरं वाटत नाही, हे त्यांना आज कळलं.

त्यांनी तुकडा काढला. पाठोपाठ चाचणीही काढली. मग सगळा प्रोग्रॅम तपासायला लावला आणि हाताची घडी घालून बसल्या. अकरा मिनिटं कुणी जागचं हललं नाही. सगळं सुरळीत चाललं.

"कुणाचं काही अडलं?" ताईंनी विचारलं.

"नाही, ताई," पाचही जण एका सुरात म्हणाले.

ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत चढवला.

"अरे मेल्यांनो, एकाने तरी खोटं सांगायचं, थोडंसं अडलं म्हणून!"