झुमाना जारानं फोन उघडला, त्याची गोष्ट

मालीच्या राजधानीत, बामाकोत, फोनमध्ये गाणी भरून देणारे गल्लोगल्ली आहेत. पण खेड्यातून आलेल्या बाया लाफियाबुगूच्या बाजारात शिरल्या की विचारायच्या, "तो न बघणारा कुठं बसतो?"

तो म्हणजे झुमाना जारा. एक जुना लॅपटॉप, तारांचा गुंता अन् डोक्यावर फाटकी छत्री, एवढा त्याचा संसार. फोनचं मेमरी कार्ड घ्यायचं, गाण्यांचा फोल्डर उघडायचा, गाणी ओतायची, बंद. शेजारच्या फोल्डरात कुणाच्या घरचं काय असेल, तिकडं मान वळवायची नाही. वीस वर्षं त्यानं हे नाव सांभाळलं होतं. "वरून सरकार बघतं, कंपनी बघते. त्यांचे हात मी धरू शकत नाही," तो म्हणायचा, "पण माझ्या टेबलावर कुणी बघायचं नाही."

गायकांना न विचारता गाणी वाटण्याबद्दल मात्र त्याला काडीची लाज नव्हती. एकदा एक गायिकाच टेबलापुढं येऊन उभी राहिली. "माझ्या गळ्यावर तुझी पोरं जेवतात रे!"

"जेवतात, ताई. पण तिकडं लांब सिकासोच्या बायांना तुझा गळा माहीत कुणी करून दिला?"

ती हसली अन् गेली. झुमानाच्या मनाला मात्र लागलं. त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक गाण्याआधी तो आपल्याच आवाजात तिचा फोन नंबर भरू लागला. तिला लग्नांची बोलावणी येऊ लागली. तरी ती समोरून आली की याला तारा गुंडाळायचं काम आठवायचं.

टेबलामागं चटई, कोळशावर चहाची किटली, अन् दुपार कलली की सातआठ जणांचा अड्डा. झुमानाच्या वायफायवर सगळे फोनवर गोळीबाराचा खेळ खेळायचे. झुमाना पंच. खेळात लबाडी करणाऱ्याला त्याच्याकडं चहा नव्हता.

अड्ड्यात नुहूम त्राओरे होता, दारं-खिडक्या करणारा वेल्डर. त्राओरे अन् जारा या दोन आडनावांची थट्टेची भावकी. वाडवडिलांनी बांधून दिलेली. एकमेकांना गुलाम म्हणायचं, चवळीखाऊ म्हणायचं, वाट्टेल ते बोलायचं, अन् राग धरायचा नाही. नुहूम वयानं पंधरा वर्षं लहान, पण भेटला की पहिली हाक त्याची.

"ए चवळीखाऊ! उठलास का? माझ्या आज्याचा गुलाम तू, अन् उन्हं चढेस्तोवर झोपतोस?"

"तुझ्या आज्याला माझ्या आज्यानं बकरीच्या बदल्यात घेतला होता. बकरी चांगली निघाली, ती जास्त दिवस टिकली."

एका उन्हाळ्यात नुहूम लागोपाठ नऊ डाव जिंकला. लासिने सिदिबे, मोटारसायकलचे सुटे भाग विकणारा, प्रत्येक डावात आधी मरायचा. तो पेटला.

"भिंतीपलीकडचा माणूस याला दिसतो कसा? त्यानं फोनमध्ये काहीतरी घातलंय. दादा, तो उद्या गाण्यांसाठी फोन ठेवून जाईल, तेव्हा उघडून बघ."

"मी बघत नसतो."

"मग शुक्रवारी आम्ही त्याला चटईवरून उठवणार. अन् लबाडांचा अड्डा म्हणून तुझंही नाव निघंल, सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी नुहूमनं फोन टेबलावर ठेवला अन् कुणाचं तरी फाटक बसवायला गेला. झुमानानं गाणी भरली. फोन उपडा ठेवला. पुन्हा सुलटा केला. पोराला निर्दोष ठरवायचंय, असं मनाशी म्हणाला अन् उघडला.

लबाडीची सॉफ्टवेअरं कुठं दडतात ते त्याला पाठ होतं. तिथं काही नव्हतं. तिथंच थांबायला हवं होतं. पण एका कोपऱ्यात आवाजाच्या फायलींची रांग दिसली, नुसते आकडे दिलेल्या. यांच्या आड काही लपवलंय का, म्हणून त्यानं कानाला लावून एक वाजवली.

"बा... बे... बी..." नुहूमचा आवाज. एक बाई म्हणत होती, "घाई नको, पुन्हा." पुन्हा "बा... बे..."

गिऱ्हाइकापुढं पावतीबुक फडफडवत हिशेब सांगणारा नुहूम. त्याला वाचता येत नव्हतं. शिकत होता, चोरून.

झुमानानं फोन असा ठेवला, जणू चटकाच बसला.

शुक्रवारी नमाजानंतर सगळे जमले. टेबलापुढं दोन बाया कार्डं ठेवून थांबल्या होत्या. लासिनेनं सुरुवात केली, "नुहूम, तू ऊठ." नुहूमनं हातातला चहा खाली ठेवला. गप्प बसलं तर पोराचं नाव जाणार. बोललं तर वीस वर्षांचं आपलं. किटलीचं झाकण थडथडत होतं, ते झुमानानं उगाच नीट बसवलं.

"त्यानं लबाडी केलेली नाही," तो म्हणाला. "मी त्याचा फोन उघडून बघितलाय."

एका बाईनं टेबलावरचं कार्ड उचललं अन् चालती झाली. दुसरी तोंडावर पदर धरून ऐकत राहिली.

नुहूम जवळ आला, हळूच म्हणाला, "आवाज ऐकलेस?"

"एक."

"बोललास कुणाला?"

"नाही. चुकलं माझं, त्राओरे." थट्टेची भावकी आहे, सोड, असं म्हणता आलं असतं. ते त्याच्या जिभेवर आलंही. त्यानं गिळलं.

नुहूम चटईकडं वळला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "जाराकडून दुसरी अपेक्षा काय करणार? पोटात चवळी वाजायला लागली की यांचे हात दुसऱ्याच्या खिशात! अन् लासिने, मी डोळ्यानं नाही खेळत, कानानं खेळतो. भिंतीपलीकडं पावलं वाजतात रे तुझी, म्हशीसारखी."

चटई हसून लोळली. लासिनेसुद्धा.

पण बातमी बाजारभर झाली. दोन महिने टेबलापुढं माश्या. खेड्यातल्या बाया दुसरीकडं वळू लागल्या. तेव्हा नुहूमचं दुकान बाजाराच्या पलीकडच्या टोकाला असूनही तो रोज सकाळी फेरा मारून यायचा, ऐन गर्दीत फोन टेबलावर आपटायचा अन् बोंबलायचा, "घे रे चवळीखाऊ, भर गाणी! माझा आहे, निर्धास्त ठेवतो!" काल भरलेलीच गाणी तो पुन्हा भरून न्यायचा. हळूहळू एक बाई थांबली, मग दोन.

आता झुमाना नमाजानंतर दुवा मागताना आईच्याही आधी नुहूमचं नाव घेतो. बायको, सनाबा, परवा वैतागली. "त्राओरेनं जाराला माफ करायचं ही रीतच आहे. त्यात त्यानं काय उपकार केले?"

"माफ करायची रीत आहे," झुमाना म्हणाला. "दोन महिने रोज वाट वाकडी करून यायची रीत कुणी घातली होती?"

सनाबानं भात वाढला. "बरं, घे नाव. पण आईच्या आधी नको. म्हातारी वरून ऐकत असंल."