सुतकातला पियानो

बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकमध्ये मजल्यागणिक एखादा तरी पियानो होता. संध्याकाळी लिफ्टमधून बाहेर पडलं की बंद दारांआडून दोन-तीन मुलांचे सराव एकमेकांत मिसळून ऐकू यायचे. माझ्या नवऱ्याला त्याचं फार कौतुक. तो बँकेत अकाउंट्स बघायचा, त्याच नोकरीसाठी आम्ही पुण्याहून या परक्या देशात आलो होतो. संगीतातलं त्याला काही कळत नव्हतं, ग्रेड मात्र कळायच्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधल्या मध्यमवर्गाने दिवाणखान्यात पियानो आणला, मुलींना शिकायला बसवलं, मग त्याच्या परीक्षा सुरू केल्या. ते सगळं बोटींवर चढून इथे आलं. राणी गेली, साम्राज्य गेलं, परीक्षा राहिल्या. दरवर्षी लंडनहून परीक्षक येतात आणि इथल्या सरकारी फ्लॅटमधली मुलं इस्त्रीचे कपडे घालून त्यांच्यासमोर बसतात. त्या वर्षी आमच्या मुलीची पाचवी ग्रेड होती. ती वाजवायला बसली की नवरा शेजारी खुर्ची ओढून पेपर वाचायचा. पान मात्र उलटत नसे.

सार्सची साथ ओसरली त्याच्या पुढच्या वर्षी तो ऑफिसमध्येच कोसळला. हॉस्पिटल, दाखला, मांडाईचं स्मशान, पुण्याहून सासूबाईंचं तिकीट, त्याच्या नोकरीवर मिळालेल्या इथे राहायच्या परवान्याचं, एम्प्लॉयमेंट पासचं, काय ते विचारणं, सगळं मी ओळीने केलं. एक काम झालं की दुसरं. लोक म्हणत, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

सासूबाई आल्या आणि घर त्यांच्या पद्धतीने चालू लागलं. कोपऱ्यात जमिनीवर दिवा, जेवण अळणी, टीव्हीवर चादर. नवऱ्याचा फ्रेम केलेला फोटो ठेवायला पियानोच्या माथ्याशिवाय जागा नव्हती, म्हणून तो तिथे ठेवला. पियानोचं झाकण त्यांनी स्वतः लावलं. सुतकात घरात वाजवायचं नसतं, हे सांगायचीही त्यांना गरज वाटली नाही. मलाही विचारायचं सुचलं नाही. मुलीची परीक्षा दहाव्याच्या आत येत होती. ती डायनिंग टेबलावर बोटं आपटत बसायची. सासूबाईंना वाटलं, पोरगी अस्वस्थ आहे. त्या तिच्या हातावर हात ठेवायच्या आणि ती थांबायची.

मी पियानोच्या बाईंना फोन करून परीक्षा पुढे ढकलता येईल का विचारलं. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेडोकला राहायच्या. साठी ओलांडलेल्या, नन्सच्या शाळेत शिकलेल्या चिनी बाई. त्या भेटायलाच आल्या. काळा फ्रॉक, काळे मोजे, हातात पांढरं पुष्पचक्र. सासूबाई पांढऱ्या साडीत बसल्या होत्या. त्यांनी बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला हळूच विचारलं, "यांची संक्रांत आहे का आज?"

मी सांगितलं की साहेबाच्या देशात दुःखात काळं घालतात, तेच इथे आलंय.

बाई म्हणाल्या, मृत्यूचा दाखला जोडला तर पुढच्या वर्षी बसता येईल, जादा पैसेही पडणार नाहीत. मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी मान हलवली. प्रश्न मिटला होता. मी चहा टाकायला उठले.

बाईंची नजर मात्र बंद झाकणावर होती. त्या बोलू लागल्या आणि मला पुन्हा बसून भाषांतर करावं लागलं. त्यांच्या आजीकडेही असंच होतं. आजोबा गेले तेव्हा आजीने नन्सकडून शिकलेले राणीच्या काळातले नियम पाळले. आरसे भिंतीकडे फिरवले, घड्याळ थांबवलं, पियानोला कुलूप लावलं, ते वर्षभर. बाईंची आई तेव्हा शाळेत होती, चांगली वाजवायची. इथली दमट हवा. वर्षाने कुलूप काढलं तर आतलं लोकरीचं कापड किड्यांनी खाल्लं होतं, दाबलेल्या पट्ट्या वर येत नव्हत्या. दुरुस्त करून घेतला. आई परत बसली नाही.

"आमच्यात दहाच दिवस असतात," सासूबाई म्हणाल्या. मी तेही भाषांतरित केलं.

तेवढ्यात मुलगी आतून आली. ती घरात बहुतेक इंग्रजीतच उत्तरं द्यायची. त्या दिवशी आजीसमोर उभी राहून मराठीत म्हणाली, "पुढच्या वर्षी वाजवायचे पीसेस बदलतात, आजी. हे तीन बाबांनी रोज ऐकलेत. नवे त्यांनी ऐकलेले नसणार."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे त्या दिवशी कशाबद्दलच मत नव्हतं. मी बाईंना सगळं इंग्रजीत सांगितलं, नीट, काही न गाळता. बाईंनी मान खाली घातली.

सासूबाई म्हणाल्या, "फोटो तिथून उचलू नका. झाकण उघडलं तर हलणार नाही ना तो?"

नाही, वरचा भाग वेगळा असतो, मुलगी म्हणाली.

"मग वाजव बाळा. मी आत बसते."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. मुलगी वाजवायला लागली. मी पाणी न्यायला आत गेले तर त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि त्यांनी एक्झॉस्ट फॅन बंद केला होता. त्यानंतर रोज त्या तसंच करायच्या.

परीक्षेला मी घेऊन गेले. तिच्या गळ्यात परीक्षेचा पास, हातात पुस्तकं, पाण्याची बाटली. बाहेर कॉरिडॉरमध्ये एसी इतका होता की बाकीच्या आया स्वेटर घालून बसल्या होत्या. दारातून आवाज येत होता. तिन्ही पीसेस मला ओळखू आले. कुठे चुकलं का, ते मला कळण्यासारखं नव्हतं. परीक्षक उंच, गोरे गृहस्थ होते. त्यांनी स्वतः दार उघडून तिला बाहेर सोडलं आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

"कसं झालं?"

"ओके," ती म्हणाली. मग एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, जिन्यावर थांबली. "आता ते तीन परत नाही वाजवायचे ना?"

मी म्हटलं, तुला हवं तर वाजव. गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी स्टेशनं मोजत नव्हते, तरी आमच्या स्टेशनवर बरोबर उठले.

संध्याकाळी पुण्याहून सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. घरात दिवा जळतोय आणि पोरीला गाण्याच्या परीक्षेला कसली पाठवता, सुनेला नसेल कळत, तुला तरी कळायला हवं होतं.

मी उठून फोन घ्यायला हात पुढे केला. सासूबाईंनी तो दिला नाही.

"गाण्याची नाही, पियानोची," त्या म्हणाल्या. "आणि सुनेने नाही, मी पाठवली."