काष्टा सुटला नाही

लेक पाचवीत होती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिचा मंगळागौरीचा नाच होता. बायको येरवड्याच्या बाजूला एका दवाखान्यात नर्स. नेमकी त्या दिवशी तिला रजा मिळेना.

"अहो, साडी तेवढी बाईंकडून नेसवून घ्या," ती म्हणाली.

"आईने नोकरी धरली की पोरांचं असंच होणार," मी म्हणालो.

आता जे लिहितोय ते आजवर कुणाला बोललेलो नाही. सदाशिव पेठेतल्या त्या शाळेकडे मी स्कूटर काढली ती मनातून जरा खूश होऊनच. पोरीची फजिती झाली, तर संध्याकाळी बायकोला नोकरी सोड म्हणायला तोंड मिळेल, हा माझा बेत. स्वतःच्या लेकीचं वाईट चिंतत होतो मी.

स्टेजमागच्या वर्गात बाई एकट्या आणि मुली ढीगभर. बाकीच्यांच्या आया आलेल्या. माझी लेक आईची साडी छातीशी धरून कोपऱ्यात उभी होती. मला बघून तिचा चेहराच उजळला.

"बाबा, तुम्ही गणपतीला सोवळं नेसता ना, तसं मला नेसवा!"

तिला माझ्याबद्दल शंकाच नव्हती. बेत तिथेच गळून पडला.

मी गुडघ्यांवर बसलो. साडी दुमडली, कमरेशी गाठ मारली, निऱ्या घेतल्या, टोक पायांमधून मागे ओढून घट्ट खोचलं. इथवर हात आपोआप चालले. पदर मात्र काही जमेना. शेवटी शेजारच्या मुलीच्या आईने तोंडातली पिन काढून तो खांद्याला लावून दिला.

"आमच्याकडेही नेसतात सोवळं," ती म्हणाली, "पण स्वतःपुरतंच."

नाच सुरू झाला. झिम्म्यातच एकीचा काष्टा सुटला, मग दुसरीचा. माझी पोर फुगडीत भिंगरीसारखी फिरली, पण तिचा काष्टा जागचा हलला नाही. मी उभा राहून टाळ्या पिटत होतो. "अहो, बसा की खाली, आमचीही मुलं आहेत!" मागून कुणीतरी ओरडलं. मी काही बसलो नाही.

संध्याकाळी बायकोने चपला काढायच्या आतच लेकीने सगळं सांगून टाकलं. बायको माझ्याकडे बघतच राहिली.

"पुढच्या वर्षी रजा मागूच नकोस," मी म्हणालो.

"मग उद्याच्या वेण्याही तुम्हीच घाला."

घातल्या. एक वर, एक खाली. लेक तशीच मान ताठ ठेवून शाळेत गेली.

बायको परवा मेट्रन झाली. गॅदरिंगच्या दिवशी मी काय मनात धरून निघालो होतो, हे तिला आता इथेच कळेल. बोलू दे काय बोलायचं ते. काष्टा सुटला नव्हता.