कवडूच्या नावावरची ढकल

आमच्या दिघोरीत शिरायच्या आधी तलावाची पाळ लागते आणि रस्ता तिच्यावर चढतो. चढ जेमतेम शंभर पावलांचा. मोटारसायकलवाल्याला तो कळतसुद्धा नाही, पण मागे धानाचं पोतं बांधलेल्या सायकलवाल्याला तिथे आपलं वय कळतं. म्हणून गावाची जुनी रीत आहे. चढाजवळ जो उभा असेल, त्यानं मागून कॅरिअरला हात लावायचा आणि सायकल वर पोचवून द्यायची. ढकलणाऱ्यानं उपकार दाखवायचे नाहीत, पुढच्यानं मागे वळून बघायचं नाही. वळला तर तोल जातो, पोतं पडतं आणि दोघांच्याही सात पिढ्यांचा उद्धार होतो.

कवडू कापगतेचं शेत या चढाला लागून आहे. त्यामुळे चाळीस वर्षं झाली, तो ढकलतोच आहे. गावातली निम्मी माणसं त्याला चेहऱ्यापेक्षा पाठीवरून ओळखू येतात. एका लग्नात पंगतीला समोर बसलेला चिंधू त्याला ओळखू येईना. चिंधू हात धुवायला उठून वळला, तेव्हा कवडू म्हणाला, "अरे, चिंधू हाय का गा! कवा आला?" एका पंधरा ऑगस्टला सरपंचांनी त्याला दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. तो म्हणाला, "कॅरिअरले धरा, पाठीले नोका धरू," आणि खाली बसला. ते गावातलं आजवरचं सगळ्यात चांगलं भाषण होतं, असं माझं मत आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या जिल्ह्यातून पाच टप्प्यांची सायकल शर्यत गेली. सायकल चालवणं हाच ज्यांचा धंदा, असे देशोदेशीचे खेळाडू. रोज एक टप्पा. ठरलेल्या वेळेत पोचला नाही, तो बाद. तिसरा टप्पा लाखनीहून निघून आमच्या पाळीवरून लाखांदूरकडे जाणार होता.

कवडूची मुलगी रीना होमगार्डात आहे. भरती होऊन आठ महिने झाले, वर्दीला दर रविवारी इस्त्री व्हायची, पण ड्युटी काही लागत नव्हती. ती आता लागली, तीही नेमकी बापाच्या चढावर. साहेबांनी आदल्या दिवशी सगळ्यांना बजावलं होतं. खेळाडूला कुणी हात लावायचा नाही. लोकांनी लावला तर त्यांचं नाव लिहून द्यायचं. बंदोबस्तावरच्यानंच लावला, तर ड्युटीच्या पुढच्या यादीत त्याचं नाव राहणार नाही.

रीनानं घरी येऊन बापाला समोर बसवलं.

"बाबा, उद्या कोनालेच ढकलू नोका."

"मी कायले ढकलतो?"

"आदत हाय तुमची. मायी पयली ड्युटी हाय. शपथ घ्या."

कवडूनं शपथ घेतली. उषाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, कुणी कसलीच शपथ घातली नाही. ही चूक झाली.

कारण सकाळी उषाबाईनं बायका गोळा केल्या. परदेशातून पाहुणे येणार आणि त्यांनी धुळीतून जायचं, हे गावाच्या अब्रूला धरून नव्हतं. चढाच्या खालच्या वळणावर त्यांनी डांबरी रस्ता झाडला, शेणाचा सडा टाकला आणि वर मोरांची रांगोळी काढली. रीनाला चढाचा माथा नेमून दिला होता. तिथून वळण दिसत नाही.

खेळाडू आले. पुढच्या मोटारसायकलवाल्यानं सडा पाहिला आणि शिट्ट्या मारमारून सगळ्यांना हळू केलं. शंभरेक सायकली मोरांवरून पाहुण्यांसारख्या सावकाश गेल्या आणि चढ कधी चढल्या ते कळलंही नाही. कवडू अर्ध्या चढावरच्या कठड्यावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. "याहीले गरज नाई," एवढंच तो बोलला. जरा नाराज वाटला.

मग शेवटचा आला. त्याचं चाक वाटेत पंक्चर झालं होतं, तो एकटाच मागे राहिला होता आणि वेळ गाठायला जीव खाऊन येत होता. त्याच्यासाठी शिट्टी मारायला कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्या मोरावर त्याचं चाक सरकलं आणि तो दाणकन आपटला. बायका ओरडल्या. तो उठला, सायकलवर बसला आणि चढाला लागला. एका गुडघ्यातून रक्त वाहत होतं आणि तो पाय काही दाबला जात नव्हता. अर्ध्या चढावर सायकल जवळजवळ उभीच राहिली.

कवडूचे हात मांडीखालून बाहेर आले. त्यानं रीनाकडे पाहिलं. हात परत मांडीखाली गेले. मी शेजारीच उभा होतो. चाळीस वर्षांत मी त्या माणसाला एवढं कष्टाचं काम करताना पाहिलं नाही.

आणि तेवढ्यात रीना धावली. काठी काखेत मारून ती उतारावरून खाली गेली, मागे झाली, त्या गोऱ्या माणसाच्या पाठीला हात लावला आणि त्याला थेट माथ्यावर आणून सोडलं. तो मागे वळला नाही. रीत त्याला ठाऊक असावी, किंवा मान वळत नसावी. पलीकडच्या उताराला तो लागला आणि गेला.

मग तिला आपल्या अंगावरची वर्दी दिसली.

वळणावरून शर्यतीच्या पंचाची गाडी वर आली. वळणाआडून त्याला फक्त खेळाडूचं डोकं अचानक वेगानं वर जाताना दिसलं होतं. काच खाली करून त्यानं विचारलं, "धक्का किसने दिया?"

रीनानं तोंड उघडलं. तिच्याआधी कवडू बोलला, "मी."

आम्ही वीसेक जण होतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. रीनाला ढकलताना सगळ्यांनी पाहिलं होतं, तरी कवडू खोटं बोलतोय असं कुणाला वाटलंही नाही. त्या चढावर सायकल ढकलली गेली म्हणजे कवडूनंच ढकलली असणार. पंचानं रीनाला सांगितलं, "इनका नाम लिखके दो." तिनं खिशातली वही काढली आणि आपल्या बापाचं नाव लिहिलं. कापगते लिहिताना पेन दोनदा अडला. पंचानं कागद घेतला, सगळ्यांसमोर कवडूला झापलं आणि तो निघून गेला.

तो खेळाडू सगळ्यात शेवटी पोचला, पण वेळेत पोचला. ढकल घेतली म्हणून त्याला दहा सेकंदांची शिक्षा झाली. रीनाचं नाव पुढच्या यादीत आहे.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात होतो. कवडू दाराकडे पाठ करून बसला होता. रीना वर्दीतच त्याच्या पुढ्यात येऊन बसली. तिचे डोळे भरून आले होते.

"बाबा, काहून घेतलं आपल्या नावावर? गावासमोर बोलनी खाल्ली तुमी."

"बोलन्याचं काई नाई व," कवडू म्हणाला. "पन पाठीले काहून ढकललीस? एवढे वर्सं सांगून राहिलो, कॅरिअरले धरा. असी कच्ची ढकल माया नावावर लिवली गेली."

रीनानं डोळे पुसले. "त्याहीच्या सायकलीले कॅरिअरच नाई राहत, बाबा."

कवडूनं मान वर केली.

"नाई राहत?"

"नाई."

"मंग बराबर ढकललीस," तो म्हणाला. "राहू दे माया नावावर."